एक लाख त्र्याऐंशी हजार चाळीस घनफूट

१९५८ सालचा मार्च, महिन्यातला तिसरा सोमवार, सकाळचे अकरा. रक्कम सहा हजार तीनशे रुपये. हजर माणसं: कचेरीचा शिरस्तेदार, त्याचा कारकून, तीन कंत्राटदार, गावचा पटेल, आमच्या गल्लीतले गणूअण्णा रंगारी आणि मी. या आठ जणांसमोर, हेब्बाळच्या पलीकडे असलेल्या करीगुड्ड्याचा दगड लिलावात गेला. बोली नऊ मिनिटं चालली. मी घड्याळ पाहिलं होतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे अवरेकाईचा हंगाम. शिवाजीनगरच्या बाजारात परवापासून पावट्याच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागले आहेत. इकडे आम्ही त्यांना अवरेकाई म्हणतो. थंडी आणि दव पडल्याशिवाय त्या शेंगेला तो तेलकट, उग्र वास येत नाही, आणि एकदा आला की पिशवीला, बोटांना, बसच्या तिकिटालासुद्धा चिकटून राहतो. अख्ख्या बेंगळूरला या वासाने भूक लागते. मला राग येतो. नऊ वर्षं झाली, दर डिसेंबरात येतो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून या दिवसांत माझ्याशी कुणी फार बोलत नाही.

करीगुड्डा म्हणजे काळा डोंगर. डोंगर म्हटलं तरी पायथ्यापासून माथा एकशे चाळीस फूट, आणि पायथ्याचा घेर चार हजार सातशे फूट, म्हणजे मैलाला थोडा कमी. बेंगळूरच्या भोवती असे उंचवटे पुष्कळ आहेत. सगळे करड्या-पांढऱ्या दगडाचे, हत्ती बसल्यासारखे गुळगुळीत. हाही तसाच होता. फरक एवढाच की याच्या पाठीवरून, पूर्वेकडून पश्चिमेकडे, काळ्या दगडाची एक भिंत गेली होती. कुणी बांधलेली नव्हे, जमिनीतूनच वर आलेली. सहाशे चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद, उंची कुठे आठ फूट तर कुठे अठरा, सरासरी तेरा.

डोंगरावरची झाडं या भिंतीच्या दोन्ही अंगांना ओळीने उभी होती, मुद्दाम लावल्यासारखी. होंगे म्हणजे आपला करंज, आपटा, पळस, सीताफळ, आणि उतारावर पिवळ्या फुलांचा तरवड. पांढऱ्या दगडावर नुसतं गवत. कारण सोपं आहे, पण मला ते समजायला दोन रविवार लागले: पांढऱ्या दगडाची रेती होते, तिच्यात पाणी थांबत नाही. काळा दगड कुजला की तांबडी चिकण माती होते, ती पाणी धरून ठेवते. झाडं मातीमागे गेली होती. एकूण तीनशे बारा. त्यांतली नऊ चंदनाची, ती मी वेगळी लिहिली, कारण आमच्या राज्यात चंदनाचं झाड कुणाच्याही जमिनीत उगवलं तरी ते सरकारचं.

भिंतीची उत्तरेची बाजू थंडीभर ओली असायची. तिथे शेवाळ, बोटभर उंचीचे नेचे, आणि भिंतीच्या बुडाशी खडकातलं पाण्याचं टाकं. इकडे त्याला दोणे म्हणतात. दक्षिणेची बाजू सकाळी नऊला तव्यासारखी तापायची. तिच्यावर खडकातले मोठे सरडे हातपाय पसरून पोट शेकत बसायचे. माणूस जवळ गेला की मान वरखाली करायचे आणि जागा सोडायचे नाहीत. पिवळ्या गळ्याचा एक बुलबुल तिथे होता, तो मी शहरात कधी पाहिला नाही. साळिंदराचे काटे सापडायचे, साळिंदर मात्र एकदाही दिसलं नाही. म्हणून मोजणीच्या तक्त्यात मी ‘साळिंदर’ असं न लिहिता ‘साळिंदराचे काटे, सात’ असं लिहिलं.

हा डोंगर आमच्या गल्लीचा कसा, तेही सांगितलं पाहिजे. आम्ही रंगारी. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर, फौजेचे तंबू आणि पागोटी रंगवत आमची माणसं इथे आली. घरात ऐकत आलो ते असं की, पहिल्या माणसांनी हा काळा दगड पाहिला आणि ती म्हणाली, हा तर देशावरचा दगड. सह्याद्रीचा. तो ज्वालामुखीतून आला असं पुढे शाळा शिकलेल्या कुणीतरी सांगितलं, आणि मग डोंगरावरच्या दोणेला गल्लीत ज्वालामुखीचं तोंड म्हणू लागले. कुणी तपासलं नव्हतं. पण दगडाचा उपयोग तपासलेला होता. डिसेंबरात पांढरा दगड दुपारपर्यंत गार असतो, काळा लवकर तापतो. ओला हातभर कपडा पांढऱ्यावर एक्केचाळीस मिनिटांत वाळतो, काळ्यावर बावीस. दोणेचं पाणी मऊ, त्यात नीळ सारखी बसते, डाग धरत नाही. म्हणून या हंगामात गल्लीतली घरं गाठोडी घेऊन तिथे जायची, भिंतीच्या सपाट माथ्यावर निळे, मंजिष्ठी, हळदी कपडे पसरायची, आणि खाली चुलीवर अवरेकाईची उसळ शिजायची. 

माझ्या लहानपणी हे काम होतं. सत्तावन्न सालापर्यंत त्याची सहल झाली होती. रंग डब्यांतून येऊ लागला, पोरं कारखान्यांत लागली, मी स्वतः एका गिरणीच्या स्टोअरमध्ये सामान मोजू लागलो. खरा रंग करणारे एकटे गणूअण्णा उरले. वय अडुसष्ट, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. नीळ कातडीत मुरली होती. त्यांच्या मालाला अजून चार गिऱ्हाइकं होती, आणि ती चार टिकली होती ती दोणेच्या पाण्यावर. नळाच्या पाण्यात तो रंग येत नाही, हे त्यांनी मला दोन पंचे शेजारी ठेवून दाखवलं होतं.

त्या वर्षी आजूबाजूचे दोन डोंगर फुटायला लागले. शहर वाढत होतं, पायाला दगड हवा होता. सुरुंगाचा आवाज हेब्बाळच्या तळ्यापर्यंत यायचा आणि पाणकोंबड्या एकदम उठायच्या. गल्लीत बैठक झाली. काहींचं म्हणणं पडलं की पुढाऱ्याला भेटावं, काहींचं की देवीला नवस बोलावा. मी म्हणालो की सरकारला लिहू, पण रडगाणं नको, माहिती लिहू. कचेरीत भावना चालत नाही. काय आहे, किती आहे, कुठे आहे हे मांडलं की शहाणा अधिकारी ते मोडू देणार नाही. हे मी अगदी मनापासून म्हणालो. गिरणीत तेरा वर्षं मी पाहत होतो, ज्या वस्तूची नोंद असते ती हरवत नाही.

मग अकरा रविवार. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत. शिवाजीनगरहून पहिली बस, हेब्बाळला उतरून तीन मैल पायी. रस्त्याच्या कडेच्या गवतावर इतकं दव की धोतराचा काठ पिळावा लागे. गणूअण्णा बरोबर यायचे आणि शंभर फुटी फितीचं दुसरं टोक धरायचे. माझी थोरली बहीण शांताक्का उसळ घेऊन दुपारी यायची, आणि मला भिंतीवर चढून फीत खाली सोडताना पाहिलं की पदर तोंडाशी धरून हसायची.

“डोंगराला अंगरखा शिवतोस की काय रे? बाह्या अर्ध्या ठेव, उकाड्यात बरं.”

खरं सांगायचं तर त्या अकरा रविवारांइतका सुखी मी आधी नव्हतो आणि नंतरही नाही. सकाळी फितीवर सरडा येऊन बसायचा. गवत सोनेरी होऊन कुसळं मोज्यांत शिरायची. आपट्याच्या शेंगा उन्हात तडकायच्या. मी काळ्या दगडाचा एक तुकडा नि पांढऱ्याचा एक गिरणीच्या काट्यावर तोलला, पाण्यात बुडवून पुन्हा तोलला; काळा घनफुटाला एकशे सत्त्याऐंशी पौंड, पांढरा एकशे पासष्ट. म्हणजे हा वेगळाच दगड, हे सिद्ध झालं. मला किती आनंद झाला होता! घरी येऊन बायकोला जेवणाआधी तो आकडा सांगितला, आणि ती बरं म्हणाली.

अर्जाचा मसुदा मी गणूअण्णांना वाचून दाखवला. ते दोणेच्या काठावर पंचा पिळत होते. झाडांचं ऐकलं, बुलबुलाचं ऐकलं, मान डोलावली. काळ्या दगडाच्या परिच्छेदाला त्यांचे हात थांबले.

“दगड आहे एवढं लिही की,” ते म्हणाले. “किती आहे ते कशाला सांगतोस?”

“अण्णा, आकडा नसलेला अर्ज कुणी वाचत नाही.”

“सरी,” ते म्हणाले, आणि पुन्हा पंचा पिळू लागले.

इकडे ‘सरी’ म्हणजे बरोबर असंही होतं आणि तुझं चालू दे असंही. अण्णांचं दुसरं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी ओळ खोडली नाही. उलट, लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून एकूण आकडा अधोरेखित केला: १,८३,०४० घनफूट. दगड एकजीव, चिरा कमी, पोत बारीक, असंही लिहिलं. कुणी विचारलं नव्हतं. माझ्या दृष्टीने ते कौतुक होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी कचेरीने एक तरुण भूगर्भ अधिकारी पाठवला. चांगला माणूस. त्याच्याबद्दल मला आजही वाईट लिहायचं नाही. हातोडीने एक कपची काढली, भिंगाखाली पाहिली, माझा तक्ता घेऊन भिंतीच्या तीन जागा स्वतः मोजल्या. तिन्ही जुळल्या. मग शांताक्काच्या हातची उसळ दोनदा मागून घेतली आणि आम्हांला कानडीत समजावून सांगितलं की हे ज्वालामुखीचं तोंड नव्हे. दोणे पावसाने कोरली आहे. देशावरच्या दगडाशी या दगडाचं नातं लांबचं आहे, हा त्याहून कितीतरी जुना. पांढऱ्या दगडाला एकदा खोल चीर पडली आणि तिच्यात खालून वितळलेला रस चढला, तोच हा.

गणूअण्णांनी विचारलं, “मग आग कुठे गेली?”

“वर पोचलीच नाही, अज्जा. चिरेतच निवली. भोवतीचा दगड झिजला, म्हणून आता भिंत दिसते.”

अण्णांनी भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. तीनशे वर्षांची आमची समजूत एका दुपारी चुकीची ठरली, पण मला त्याचं दुःख झालं नाही. उलट वाटलं, आता तर नक्कीच वाचणार. एवढी जुनी वस्तू कोण फोडेल? जाताना अधिकारी म्हणाला की आमच्या माणसांनीही इतकं नीट माप घेतलं नसतं. मी आठवडाभर त्या वाक्यावर जगलो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पटेलाच्या चावडीवर नोटीस लागली. करीगुड्डा, काळा दगड, काढण्याचा हक्क, जाहीर लिलाव. अंदाजे साठा १,८३,०४० घनफूट. एकजीव, चिरा कमी, पोत बारीक. मी ती तीनदा वाचली. सरकारी अंदाज शून्यांत संपतो. एक लाख ऐंशी हजार, फार तर एक लाख पंचाऐंशी. शेवटचे चाळीस माझे होते. अर्जातली झाडं नोटिशीत नव्हती. दोणे नव्हती, बुलबुल नव्हता, साळिंदराचे सात काटे नव्हते. नऊ चंदन मात्र होते, ते आधी तोडून सरकारजमा करावेत म्हणून.

मी कचेरीत गेलो. हा अर्ज डोंगर राखण्यासाठी होता, असं सांगितलं. शिरस्तेदाराने फाईल उघडून दाखवली. अर्जावर वरून खाली पाच सह्या होत्या, आणि प्रत्येकाने एकेक शेरा मारला होता. पहिला, ‘माहिती उपयुक्त’. शेवटचा, ‘योग्य त्या कारवाईसाठी’. मधे कुठे माझा अर्ज उलटा झाला ते मला सापडलं नाही. कुणी लबाडी केली असती तर मी भांडलो असतो. कुणी केली नव्हती, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो. पाच सुशिक्षित माणसांनी तो कागद वाचला आणि पाचांनाही त्यात दगडच दिसला.

लिलावाच्या दिवशी ज्याची बोली मंजूर झाली, तो कंत्राटदार हसऱ्या तोंडाचा होता. माझ्या तक्त्याची नक्कल त्याच्या खिशात होती. ती त्याने उलगडून मला दाखवली, जणू ओळखीच्या माणसाचा फोटो.

“सर, माप तुमचं ना? दुसऱ्या कुणाचं असतं तर दहा टक्के कमी धरून बोली केली असती. तुमच्या कागदावर भरवसा ठेवला.”

गणूअण्णा शेजारी उभे होते. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. ते माझ्या खांद्याला धरून बाहेर घेऊन आले आणि स्वल्प कॉफी पिऊ म्हणाले. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. भर रस्त्यात शिव्या घालायला हव्या होत्या. मला ते सोपं गेलं असतं.

भिंत एकोणीस महिन्यांत संपली. भिंत गेली तशी दोणे फुटली, कारण तिचा एक काठ भिंतीचाच होता. माती पावसात वाहून गेली, तिच्यामागे झाडं. मी परवा जाऊन आलो. तिथे हिरव्या पाण्याचा खड्डा आहे, कुंपणाला काटेरी तार आहे, आणि पायथ्याला नवी वसाहत, जिच्या कमानीवर ‘ब्लॅक हिल लेआउट’ असं लिहिलंय. झाडं मोजली. सतरा. एका बंगल्याच्या गच्चीवर एक गृहस्थ ऊन खात होते, त्यांनी विचारलं काय पाहता. मी म्हणालो, डोंगर. ते म्हणाले, इथे डोंगर नाही, पत्ता चुकलात.

माणसांना घरं हवीत, असं मला सगळे ऐकवतात. मीही घरात राहतो. पायाला पांढरा दगड चालतो आणि तो या गावाभोवती मैलोगणती पडला आहे. काळ्याचे मैलाचे दगड झाले, रगडे झाले, ओटे झाले. आमच्याच गल्लीत तीन घरांत त्याच्या फरशा आहेत, आणि ती माणसं बैठकीत नवसाच्या बाजूची होती. मी त्यांच्याकडे हळदीकुंकवालाही बायकोला जाऊ देत नाही. हे योग्य नाही हे कळतं. तरी जाऊ देत नाही.

करीगुड्ड्याच्या दक्षिणेला अर्ध्या मैलावर तसाच आणखी एक छोटा डोंगर आहे. त्याच्याही पाठीवरून काळी पट्टी गेली आहे, तिच्या अंगाला झाडांची ओळ आहे. तो अजून शाबूत आहे, कारण त्याच्यात किती दगड आहे हे कुणालाच ठाऊक नाही. परवा मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो आणि डोळे आपोआप रुंदीचा अंदाज घ्यायला लागले. मी पाठ फिरवली आणि बस येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसलो.

गणूअण्णांची चार गिऱ्हाइकं सुटली. नळाच्या पाण्यात त्यांनी एक हंगाम करून पाहिला, रंग डाग धरून आला, मग निळीचे रांजण पालथे घातले. पण त्याच्या आधीची एक गोष्ट लिहायची राहिली आहे. लिलावानंतर दोन महिन्यांनी मला त्या कचेरीचं पत्र आलं. खाजगी माणसाने केलेली मोजणी सरकारी कामी स्वीकारली गेली, तर त्याला रोजाप्रमाणे भत्ता द्यावा असा नियम असल्याचं त्यात लिहिलं होतं. अकरा दिवस, दर अडीच रुपये. अकरा दिवस त्यांना माझ्याच तक्त्यातून कळले. मी प्रत्येक मापापुढे तारीख घातली होती. मी पैसे नाकारायला गेलो. कारकून म्हणाला, नाकारायचे तर कारण लिहून अर्ज द्या. अर्ज हा शब्द ऐकला आणि टाक हातात घेतला. मी सही केली.

तिथून थेट अण्णांकडे गेलो. नोटा त्यांच्या ओसरीवर ठेवल्या आणि सांगितलं की हे कुठल्याही देवळात टाका, विहिरीत टाका, मला नकोत. ते पंच्याला हात पुसत बाहेर आले. पैसे मोजले, पुन्हा मोजले. 

“अर्धे माझे,” ते म्हणाले. “एकट्याने कसे घेतोस? फितीचं एक टोक माझ्या हातात होतं.”

मी म्हणालो की अण्णा, तुम्ही तर नको म्हणाला होतात.

“म्हणालो. आणि टोकही धरलं. अकराही रविवार. दे.”

सरकारकडून मला मिळाले साडेसत्तावीस रुपये. त्यांतले पावणेचौदा गणूअण्णा रंगारी यांना दिले.